पेणचा गणपती, डोलवीचा स्लॅग, धाटावचं सांडपाणी: देशातलं संशोधन नेमकं कुणाच्या प्रश्नांवर चालतं?

समजा, तुमच्या घरच्या गणपतीची मूर्ती पीओपीची आहे आणि तिचं वजन दोन किलो आहे. विसर्जनाच्या दिवशी तुम्ही ती वीस लिटर पाण्याच्या बादलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी काय दिसेल? थोडा रंग सुटलेला असेल, बाकी मूर्ती जवळपास आहे तशीच. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून घट्ट झालं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं, आणि जिप्सम एका लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे तुमच्या बादलीत फार तर पन्नास ग्रॅम. अख्खी मूर्ती विरघळवायची तर आठशे ते हजार लिटर पाणी लागेल.

आता त्याच बादलीत अमोनियम बायकार्बोनेट टाकून बघा. ही पावडर बेकरीतही वापरतात. साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पावडर लागते, अधूनमधून ढवळावं लागतं, अमोनियाचा उग्र वास येतो. पण मूर्ती विरघळत जाते. तळाशी चुनखडी बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं. दोन किलोच्या मूर्तीतून दीड किलोच्या आसपास. शेतकऱ्यांना हे खत म्हणून चांगलंच ओळखीचं आहे. ही पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं, म्हणजे एनसीएलनं, दाखवून दिली आणि पुणे महापालिकेनं ती लोकांपर्यंत नेली.

सरकारी प्रयोगशाळेतलं काम थेट घरातल्या बादलीपर्यंत पोचल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत. त्यामुळे याचं कौतुक करायलाच हवं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे संशोधन मूर्तीच्या शेवटच्या दिवशी सुरू होतं. मूर्तीचा पहिला दिवस पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांतल्या कारखान्यांत उजाडतो, आणि तिथला प्रश्न वेगळाच आहे.

या लेखात आपण हाच फरक समजून घेणार आहोत. निमित्त आहे दिल्लीतल्या दोन मोठ्या निर्णयांचं. फेब्रुवारी २०२४ पासून 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' अर्थात एएनआरएफचा कायदा लागू झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये संशोधनावर खर्च करण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. ऊर्जा संक्रमण आणि हवामान बदल हे विषय त्यात अग्रक्रमावर आहेत. थोडक्यात, देशाचं संशोधन शाश्वत विकासाकडे वळवायचं असं धोरण म्हणून ठरलंय. ते वळण खाली गावापर्यंत कसं दिसतं, हे बघायला दिवा-रोहा गाडीत बसलेलं बरं. हमरापूरला स्टेशन आहे, पुढे पेण, कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. जेमतेम तासाभराचा हा पट्टा आहे.

हमरापूरचा प्रश्न काय आहे?

शाडूची मूर्ती पेणला नवी नाही, तिथली जुनी कला शाडूचीच. पण शाडू वाळायला वेळ घेतो, पावसाळी हवेत तर फारच. ती जड असते, प्रवासात कान, बोटं, सोंड दुखावते. माती गुजरातमधून आणावी लागते. पीओपी साच्यात ओतलं की अर्ध्या तासात घट्ट होतं. आत काथ्या घातला की मूर्ती पातळ आणि हलकी करता येते, ट्रकमध्ये एकावर एक थर रचता येतात. पेणच्या मूर्ती राज्यभर आणि परदेशात जायला लागल्या, बाराही महिने काम चालू राहिलं, घराघरांत कच्च्या मूर्ती रंगवण्याचा रोजगार आला, यात या पांढऱ्या भुकटीचा वाटा मोठा आहे.

दुसऱ्या बाजूला नियमांची गाडी चालू होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मूर्ती विसर्जनाबद्दल पहिली मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये काढली. मे २०२० मध्ये ती बदलली आणि पीओपीच्या मूर्तींवर बंदी आली. कोरोनामुळे त्या वर्षापुरती सवलत मिळाली. पुढची वर्षं कधी बंदी, कधी सूट अशी गेली. ३० जानेवारी २०२५ रोजी, माघी गणेशोत्सवाच्या तोंडावर, मुंबई उच्च न्यायालयानं बंदी काटेकोरपणे पाळा असं बजावलं. मग राज्य सरकारनं डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे अभ्यास सोपवला. ९ जून २०२५ ला न्यायालयानं पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी दिली, नैसर्गिक जलस्रोतात विसर्जनाला मात्र नाही. २४ जुलैला आणखी एक आदेश आला: सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच, त्याहून उंच मूर्तींना अटींवर मोकळीक, आणि ही व्यवस्था मार्च २०२६ पर्यंत.

हा घटनाक्रम नीट वाचला तर एक विचित्र गोष्ट दिसते. २०१० ते २०२५ या पंधरा वर्षांत मूर्ती विसर्जित कशी करायची यावर परिपत्रकं निघाली, याचिका झाल्या, समिती बसली. शास्त्रज्ञांना बोलावलं गेलं ते न्यायालयात बाजू मांडायची वेळ आल्यावर. पण कारखानदाराचा प्रश्न साधा आहे: 'पीओपीच्या जवळपास भावात मिळेल, पावसाळ्यातही लवकर वाळेल, ट्रकमध्ये फुटणार नाही आणि पाण्यात विरघळेल, असं काही द्या.' हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे, आणि चांगला अवघड आहे. लवकर घट्ट व्हायचं आणि लवकर विरघळायचंही, हे दोन गुण एकमेकांच्या विरोधात जातात. पाण्यात सहज सुटणारा पदार्थ दमट हवेतही ओल धरतो, म्हणजे रंग उडणार, बुरशी येणार. एखाद्या संशोधकाला पीएचडीसाठी पुरेल एवढं काम त्यात आहे. निधी, उद्दिष्ट आणि मुदत ठरवून हा प्रश्न कुणी हाती घेतलाय, दर महिन्याला नमुने घेऊन कुणी हमरापूरच्या कारखान्यांत येतंय, असं चित्र काही उभं राहिलं नाही. बंदीचा खर्च मात्र कारागिरांच्या माथी आला.

रंगांचंही तसंच. नैसर्गिक रंग वापरा असं सांगणं सोपं आहे. पितांबराचा पिवळा आणि शेल्याचा लाल त्याच चमकेनं, त्याच भावात कसा मिळवायचा, हे सांगणारा माणूस लागतो.

डोलवीत मात्र गाडी वेळेवर पोचली

पेणहून अलिबागच्या रस्त्याला वडखळपुढे, धरमतर खाडीच्या काठावर डोलवी आहे. तिथे जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे. पोलाद बनवताना स्लॅग उरतो. एक टन पोलादामागे साधारण २०० किलो. देशभरात वर्षाला सुमारे १९० लाख टन पोलादी स्लॅग तयार होतो असं केंद्र सरकारचं म्हणणं आहे. कारखान्यांबाहेर त्याचे डोंगर साठतात.

दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं हा स्लॅग प्रक्रिया करून खडीच्या जागी वापरण्याचं तंत्र विकसित केलं. आधी सुरतला हजिऱ्याजवळ रस्ता केला. मग डोलवीच्या कारखान्यातला सुमारे ८० हजार टन स्लॅग वापरून मुंबई-गोवा महामार्गावर एक किलोमीटरचा चौपदरी पट्टा बांधला. जानेवारी २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. या महामार्गाचं नाव काढलं की कोकणी माणसाच्या तोंडून काय निघतं ते सांगायला नको, पण हा एक किलोमीटर खरंच दखल घेण्यासारखा आहे. डोंगर फोडून खडी काढायची कमी झाली, कचऱ्याचा ढीग कमी झाला.

हे कसं जमलं? कारण या प्रश्नाला मालक होता. कारखान्याला स्लॅगची जागा मोकळी करायची होती, पोलाद मंत्रालयाला त्यात रस होता, महामार्ग प्राधिकरणाला खडी हवी होती आणि संशोधन संस्थेकडे पैसा व माणसं होती. चौघं एका टेबलाशी बसू शकत होते. हमरापूरच्या कारखानदारानं कुणाच्या टेबलाशी बसायचं?

अर्थात डोलवीचा सगळा प्रश्न सुटला असं नाही. पोलादाचं मोठं दुखणं स्लॅग नाही, कोळसा आहे. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, जगाची सरासरी त्याहून बरीच कमी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयानं 'हरित पोलाद' कशाला म्हणायचं याची व्याख्या ठरवली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी. झोतभट्टीऐवजी हायड्रोजन वापरून तिथपर्यंत जाणं हे स्लॅगचा रस्ता करण्याहून कितीतरी कठीण आणि महाग काम आहे. पण निदान तो प्रश्न कुणाचा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पैसे कुठून येतात आणि कुठे जातात?

२०२०-२१ मध्ये भारतानं संशोधन आणि विकासावर सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च केले. आकडा मोठा वाटतो, पण तो जीडीपीच्या ०.६४ टक्केच आहे. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या. आपल्या खर्चातला ४३.७ टक्के वाटा केंद्र सरकारचा, ३६.४ टक्के खासगी उद्योगांचा. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांमध्ये जवळपास निम्मा पैसा संरक्षण आणि अवकाश या दोन खात्यांकडे जातो.

या सगळ्यात राज्य सरकारांचा वाटा किती? ६.७ टक्के. माझ्या मते या आकड्याची चर्चा जीडीपीच्या टक्क्यापेक्षा जास्त व्हायला हवी. पेणचा कारागीर, खारेपाटातला शेतकरी, धाटावचा छोटा कारखानदार हे ज्याच्याकडे दाद मागतात ते सरकार मुंबईत आहे, आणि संशोधनाची तिजोरी दिल्लीत. राज्याचं प्रदूषण मंडळ नोटीस काढू शकतं, पण उत्तर शोधून देणारी व्यवस्था त्याच्या हाताशी नाही.

नव्या १ लाख कोटींच्या योजनेनं हे बदलेल का? ही योजना कमी किंवा शून्य व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज आणि भांडवल देते. तंत्रज्ञानाची तयारी एक ते नऊ अशा पायऱ्यांनी मोजतात. या योजनेसाठी चौथ्या पायरीच्या पुढे असणं गरजेचं आहे, म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं तंत्र हाती हवं. बॅटरी किंवा हायड्रोजनच्या कंपनीला ते सोयीचं आहे. पेणचा प्रश्न अजून पहिल्याच पायरीवर बसलेला आहे.

रोह्याकडे: बादलीतला आणि नालीतला हिशोब

गाडी रोह्याला पोचते. मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. गावालगत धाटावची एमआयडीसी आहे. रंग, औषधांची मूलद्रव्यं, कीटकनाशकं, त्यांना लागणारी मधली रसायनं असं तिथलं काम. शेजारून कुंडलिका वाहते. या नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं ते टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यामुळे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह केला, त्याच धरणाचं पाणी घाट उतरून इथे येतं. कोलाडला त्यावर राफ्टिंग चालतं, डोलवहालच्या बंधाऱ्यातून ते शेतीला आणि उद्योगांना मिळतं.

आणि खालच्या अंगाला काय होतं? रोह्यातले लोक आणि खाडीतले कोळी वर्षानुवर्षं सांगत आलेत: पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे. एमआयडीसीत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. वाद नेहमी त्याभोवती फिरतो. केंद्र नीट चालतं का, क्षमता पुरते का, रात्री कोण काय सोडतं?

हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण रसायनशास्त्रात याआधीचा एक प्रश्न आहे. एक किलो माल बनवताना किती किलो कचरा होतो? याला 'ई-फॅक्टर' म्हणतात. रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञानं ही मोजणी रूढ केली. तेल शुद्धीकरणात हा आकडा एकाच्याही खाली असतो. मोठ्या प्रमाणावरच्या साध्या रसायनांत एक ते पाच. धाटावसारख्या ठिकाणी बनतात त्या सूक्ष्म रसायनांत पाच ते पन्नास. औषधांत पंचवीस ते शंभर, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे एक किलो माल गेटबाहेर पडतो तेव्हा पाच ते पन्नास किलो मीठ, आम्ल, वाया गेलेला द्रावक आणि गाळ मागे उरतो. हा आकडा कारखानदाराच्या चांगुलपणावर ठरत नाही, त्यानं निवडलेल्या रासायनिक मार्गावर ठरतो. कोणता उत्प्रेरक, कोणता द्रावक, किती टप्पे.

एकदा हा कचरा तयार झाला की तो फक्त जागा बदलतो. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही असं ठरवलं तर पाणी आटवून मीठ उरतं. ते तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जातं. नदी वाचते, जमिनीचा एक तुकडा भरतो, आणि पाणी आटवायला जाळलेला कोळसा वेगळाच.

मग मार्गच का बदलत नाहीत? इथे थोडा इतिहास बघावा लागेल. याच रेल्वेमार्गावर पनवेलच्या पुढे रसायनी नावाचं स्टेशन आहे. केंद्र सरकारनं १९६० मध्ये हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली, तिचा कारखाना इथलाच. त्या काळात देशाच्या रसायन संशोधनासमोर एकच प्रश्न होता: परदेशातून आणतो ती वस्तू इथे बनवता येईल का? १९५० मध्ये सुरू झालेली एनसीएल, मुंबईची यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी, यांच्यातल्या पिढ्या या एका प्रश्नावर राबल्या. परकीय चलन नव्हतं, औषधं महाग होती, प्रश्न योग्यच होता. त्याचं उत्तरही मिळालं. आज भारत जगाला औषधं आणि रंग विकतो. संशोधन व्यवस्था एखाद्या दिशेला वळू शकते याचा आपल्याकडचा हा मोठा पुरावा आहे. तेव्हा कचरा किती होतो हे कुणी विचारलं नव्हतं, कारण तो प्रश्न कुणी दिलाच नव्हता.

आता प्रश्न बदललाय. 'इथे बनवता येईल का' याऐवजी 'कचरा न करता बनवता येईल का'. हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडली. त्यातलं पहिलंच आहे: कचरा साफ करण्यापेक्षा होऊ न देणं बरं. मोठ्या हंड्यात घाण्याघाण्यानं माल काढण्याऐवजी बारीक नळ्यांतून सतत प्रवाहात प्रक्रिया करण्याचं तंत्र आहे. त्यात तापमान काबूत राहतं, माल वाया कमी जातो, अपघाताचा धोकाही घटतो. एनसीएलमध्ये यावर बरीच वर्षं चांगलं काम झालंय. ज्ञान पुण्यात आहे. धाटाव तिथून ताम्हिणी घाट उतरलं की काही तासांवर.

मधलं अंतर वेगळंच आहे. मोठी कंपनी स्वतःचा संशोधन विभाग ठेवते. शेडमध्ये दोन-तीन रिअ‍ॅक्टर चालवणाऱ्या छोट्या कारखान्यात एक केमिस्ट असतो आणि त्याचं काम आजची बॅच पास करणं. प्रक्रिया बदलायची तर महिनाभर उत्पादन थांबवावं लागतं, ग्राहकाकडून नव्यानं मंजुरी घ्यावी लागते, नवी परवानगी काढावी लागते. शास्त्रज्ञाच्या बाजूनं बघा. एका छोट्या कारखान्यातला जुना रंग पाच टप्प्यांऐवजी तीन टप्प्यांत बनवून दाखवला तर त्याचा शोधनिबंध मोठ्या नियतकालिकात छापून येत नाही. कारखानदाराला ते गुप्तही ठेवायचं असतं. बढतीच्या अर्जात लिहायला काहीच उरत नाही.

शेतीकडे जे आहे, ते इतरांकडे का नाही?

रोह्याजवळच किल्ला नावाचं गाव आहे. तिथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. देशातलं पहिलं असं केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं, आज सातशे तीसहून अधिक आहेत. कल्पना सोपी आहे: विद्यापीठातलं वाण किंवा अवजार शेतकऱ्याच्या बांधावर लावून बघायचं, चाललं नाही तर का चाललं नाही ते परत विद्यापीठाला कळवायचं. या केंद्रांबद्दल तक्रारीही पुष्कळ आहेत. माणसं कमी, कार्यक्रम फोटोपुरते, वगैरे. तरीही शेतकऱ्याला 'इथे जाऊन विचार' असं सांगता येईल असा पत्ता तरी आहे. धाटावच्या केमिस्टला आणि हमरापूरच्या कारागिराला असा पत्ता नाही. रसायनशास्त्राचं कृषी विज्ञान केंद्र आपण कधी काढलंच नाही.

पण पत्ता असला की सगळं सुटतं असंही नाही, आणि हे पेणच्या खारेपाटात फार स्पष्ट दिसतं. समुद्राचं भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि आत भात पिकवायचं, अशी ही शेती. पावसाळ्यात जमिनीतलं मीठ धुऊन जातं, उन्हाळ्यात ते पुन्हा वर येतं. या जमिनींसाठी पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही क्षार सहन करणारी भाताची वाणं तिथली. खारेपाटातल्या तळ्यांतला जिताडा हा तर इथला मानाचा मासा. बंदिस्त जागेत त्याचं प्रजनन करण्यात चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेला १९९७ मध्ये यश आलं. म्हणजे भात आणि मासा, दोन्हींवर राष्ट्रीय पातळीवरचं संशोधन आहे.

अडतं ते बांधाशी. पूर्वी गावकरी एकत्र येऊन बांधाची डागडुजी करत, त्या व्यवस्थेला जोळ म्हणत. खारजमिनींचे कायदे झाले, १९४८ चा आणि मग १९७९ चा, आणि बांध सरकारी खात्याच्या ताब्यात गेले. आता मोठ्या उधाणाला बांधाला खांड जाते आणि दुरुस्ती निधीची वाट बघत राहते. दोन-चार वर्षं खारं पाणी आत राहिलं की खारफुटी उगवते. आणि खारफुटीला संरक्षण आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर तिच्या तोडीवर बंदी घातली, भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. मग शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर भात आणि प्रत्यक्षात जंगल, अशी अवस्था होते.

आता सांगा, इथे शाश्वत काय? खारफुटी वादळ अडवते, कार्बन साठवते, माशांची पिल्लं वाढवते. भातशेती घर चालवते. पर्यावरणाचा अभ्यासक एक उत्तर देईल, कृषी शास्त्रज्ञ दुसरं, खारभूमी खात्याचा अभियंता तिसरं. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील. समुद्राची पातळी वाढत असताना कोणते बांध टिकवायचे, कुठे माघार घेऊन खारफुटी वाढू द्यायची आणि त्या जमिनीच्या मालकाला काय द्यायचं, याचं उत्तर एका विद्याशाखेत सापडत नाही. आपली अनुदानं मात्र विद्याशाखेनुसार मिळतात.

दुसरीकडे काय करून बघितलंय?

नेदरलँड्स हा तर आपल्याहून मोठ्या खारेपाटात वसलेला देश. २०१५ मध्ये तिथल्या सरकारनं राष्ट्रीय विज्ञान कार्यक्रम ठरवताना थेट लोकांकडून प्रश्न मागवले. ११,७०० हून अधिक प्रश्न आले. तज्ज्ञांनी त्यांचे १४० गट केले आणि पुढे त्यांच्याभोवती निधी दिला. यातून सगळं जादूसारखं बदललं असं नाही, प्रश्नांचे गट करताना धारदार प्रश्न बोथट होतात ही टीका रास्त आहे. पण प्रश्न कोण विचारणार, हे त्यांनी उघडपणे ठरवलं.

आपल्याकडेही धागे आहेत. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये 'वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वा'ची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात शास्त्रज्ञांनी वर्षाला किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत असं म्हटलंय. दहा दिवसांत शाळेत दोन भाषणं होतात, साच्यातून पन्नास नमुने काढून त्यातले का फुटले हे कळत नाही. आयआयटी मुंबईतलं 'सितारा' हे केंद्र ग्रामीण तंत्रज्ञानावर १९८५ पासून काम करतंय. याच जिल्ह्यात कर्जतला तिथल्या विद्यार्थ्यांनी पाण्याच्या प्रश्नावर काम केलंय. विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रमवारीत २०२५ पासून शाश्वत विकास ध्येयांची वेगळी वर्गवारी आली आहे. तिचा उपयोग किती, ते मोजलं काय जातं यावर ठरेल. आवारातले सौर पॅनल मोजायचे, की शेजारच्या एमआयडीसीचा ई-फॅक्टर किती उतरला ते मोजायचं?

माझं मत विचाराल तर नव्या निधीतला अगदी छोटा हिस्सा, १ लाख कोटींतले काही शे कोटी, जिल्ह्यांच्या हाती 'प्रश्न मांडण्यासाठी' द्यावा. धाटावच्या कारखान्यांनी मिळून एक प्रक्रिया निवडावी, हमरापूरच्या कारखानदारांनी पदार्थाचे निकष लिहून द्यावेत, आणि त्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाची बढती त्या निकषांवर व्हावी. यात काही प्रयोग फसतील. पीओपीला पर्याय कदाचित सापडणारही नाही, आणि उत्तर 'मूर्ती लहान करा' असंच येईल. तेही कारागिराला वेळेत कळलं पाहिजे.

वेळेचा मुद्दा इथे अगदी शब्दशः आहे. न्यायालयानं मान्य केलेली विसर्जनाची व्यवस्था मार्च २०२६ पर्यंतचीच आहे. पुढची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ ला. बाहेरगावी जाणाऱ्या कच्च्या मूर्तींचे साचे पेणमध्ये त्याच्या कितीतरी महिने आधी भरायला घेतात, आणि आगाऊ रक्कम घेऊन पीओपीच्या गोण्या उतरवलेल्या असतात.